रेघ हाय का?

आमच्या पनवेलच्या कारखान्यात धातूच्या भुकटीचे थर वितळवून कृत्रिम गुडघे बनवतात. कॅमेरा प्रत्येक थराचा फोटो काढतो. शेजारच्या खुर्चीतले काका स्क्रीनला नाक लावून त्या फोटोंत दोष शोधायचे. अधूनमधून मला विचारायचे, "रेघ हाय का रे तिथं?" मला वाटायचं, मला शिकवतायत.

मी दोन दिवस रजेवर गेलो आणि त्यांनी रेघ असलेला गुडघा पास केला. पुढच्या तपासणीत तो पकडला गेला. साहेब कॅमेऱ्याला दोष देऊ लागले, तेव्हा काका उठले. "कॅमेरा बरोबर हाय, साहेब. मलाच दिसत नाय. वरीस झालं."

संध्याकाळी मी त्यांना सुकापूरला घरी सोडलं. दाराशी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"घरात कोनाला माईत नाय," म्हणाले, आणि आत जाईचनात.