खेळाडू पास, तर कोच पास

स्टाफरूममध्ये चार माणसं आणि एक चहाची किटली असली की किस्से आपोआप साठत जातात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण नोकरी सुटली तरी ते सुटत नाहीत! नव्वदच्या दशकात मी लखनौच्या एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. वडिलांच्या सरकारी बदलीबरोबर नागपूरहून इथे आले आणि इथेच चिकटले. माझ्याकडचे सगळ्यात जास्त किस्से बास्केटबॉलचे आहेत. त्या खेळातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. तरी क्रीडा समिती माझ्या गळ्यात पडली, कारण प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "मैडम को परसेंट निकालना आता है!"

*

परसेंटचं खूळ साहेबांनी दिल्लीच्या एका सेमिनारमधून आणलं. अमेरिकेत म्हणे कॉलेजचा कोच किती सामने जिंकला यापेक्षा त्याचे किती खेळाडू पदवीधर झाले हे बघतात. साहेब भारावून गेले होते. आमचे बास्केटबॉल कोच वानखेडे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे. ते विमानतळाजवळच्या अमौसीकडून रोज स्कूटरवर यायचे आणि वर्षावर्षाच्या करारावर काम करायचे. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "टीम के आधे से ज़्यादा लड़के बी.ए. कर लें, तो आप रहेंगे. वरना नमस्ते!"

बाहेर आल्यावर सरांनी मला हळूच विचारलं, "ताई, म्हणजे आता बास्केट मोजायच्याच नाहीत का?"

मी म्हटलं, "मोजा की, पण मनातल्या मनात."

सरांच्या घरी दोन मुली शिकत होत्या. पेन्शनमध्ये भागत नव्हतं, म्हणून ही नोकरी त्यांना हवीच होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना मैदान सोडवतही नव्हतं.

*

पहिल्याच वर्षी घोळ झाला. आमच्या कॅप्टनला, यादवला, खेळाच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. बी.ए. अर्धवट टाकून तो गोरखपूरला रुजू झाला. कॉलेजात केवढा जल्लोष! साहेबांनी स्वतः लाडू वाटले, त्याच्या वडिलांना शाल दिली.

वर्षअखेरीस मी हिशेब घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, "ये यादव फेल में क्यों है?"

"सर, उसने बी.ए. नहीं किया."

"अरे, उसकी तो नौकरी लग गई!"

"इसीलिए तो नहीं किया, सर."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लड्डू आपने भी खाए थे न?"

"जी."

"फिर आप ही बताइए, क्या लिखें?"

मला काय माहीत? नियम त्यांचा होता. शेवटी यादव नापासांतच राहिला आणि त्याचा ठपका वानखेडे सरांवर आला. बाकीचे बरेचसे पास झाले म्हणून करार कसाबसा वाचला.

*

दुसऱ्या वर्षी सर शहाणे झाले. खेळाडू शोधायला ते मैदानाऐवजी थेट लायब्ररीत गेले! जाड भिंगांचा चष्मा दिसला की उचल, असा प्रकार. संस्कृतचा टॉपर सेंटरला खेळू लागला. तो बिचारा चेंडू आला की आधी बाजूला व्हायचा.

पहिल्या सामन्यात एका मुलाच्या हातात चुकून चेंडू आला. तो घट्ट धरून उभाच राहिला. सर ओरडले, "अरे फेंको!"

"सर, अभी सोच रहे हैं!"

आम्ही इतके हरलो की समोरच्या कोचनं येऊन सरांच्या तब्येतीची चौकशी केली. पण निकाल लागला तेव्हा जवळजवळ अख्खी टीम फर्स्ट क्लास! साहेबांनी सरांना हार घातला. सर हार घालून माझ्याजवळ आले. चेहरा पार उतरलेला. "ताई, हे अभिनंदन आहे की शिक्षा?"

मी म्हटलं, "सर, मी फक्त परसेंट काढते."

*

आता तिवारीचं ऐका. तिवारी म्हणजे आमचा खराखुरा खेळाडू, उंच, दिसायला देखणा आणि वर्षानुवर्षं थर्ड इयरला. मठ्ठ मुळीच नव्हता. सगळे पेपर छान लिहायचा आणि शेवटच्याला जायचाच नाही! पास झाला की कॉलेज सुटणार, कॉलेज सुटलं की टीम सुटणार, हे त्याचं गणित होतं.

एके दिवशी त्याची आई घरच्या खुसखुशीत, खाऱ्या मठरीचा डबा घेऊन आली. "मास्टर साहब, इसे टीम से निकाल दीजिए. खेलेगा नहीं तो पास हो जाएगा."

सरांनी जड मनानं काढलं. तिवारी रोज कुंपणाबाहेर सायकल टेकवून प्रॅक्टिस बघत बसायचा. परीक्षा आली. या वेळी तो एकाही पेपरला गेला नाही.

मजा बघा, तो टीममध्ये नव्हता, त्यामुळे त्याचं नापास होणं हिशेबात धरायचंच नव्हतं! सरांचा टक्का वर गेला. मी आकडा सांगितला, पण सरांची नजर कुंपणाकडेच होती. मलाही फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी ते इंदिरा नगरला त्याच्या घरी गेले आणि त्याला परत टीममध्ये घेऊन आले.

*

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. पुढच्या वर्षी तिवारीनं सामने जिंकून दिले, बाकीचेही त्याच्या नादानं अभ्यास विसरले आणि टक्का निम्म्याच्या खाली गेला. कराराची मीटिंग बसली. साहेब, मी आणि समोर वानखेडे सर. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर.

साहेब तसे भले माणूस, पण नियमापुढे त्यांचा नाइलाज होता. म्हणाले, "आप खुद समझिए. जो कोच लड़कों को डिग्री न दिला सके, उसे कैसे रखें? अच्छा, आपने बी.ए. कहाँ से किया?"

"नहीं किया, साहब. सेकंड इयर में बास्केटबॉल पर एयरफ़ोर्स में भर्ती हो गया."

साहेब पुढे झुकले. "इस हिसाब से तो आपके कोच को भी हटा देना चाहिए था!"

"हटा दिया था, साहब. कॉलेज ने कहा, लड़के की पढ़ाई छुड़वा दी."

मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

साहेबांनी विचारलं, "अब कहाँ हैं वो?"

"अमरावती में. बहुत बूढ़े हो गए. हर दिवाली चिट्ठी आती है. एक ही बात पूछते हैं, 'बाळा, बी.ए. झालास का रे?'"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिखिए मैडम, एक साल और. और सुनिए, इनसे बी.ए. का प्राइवेट फ़ॉर्म भरवाइए. ये भी पास करेंगे."

सर उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. चेहऱ्यावर खराच प्रश्न होता.

"साहब, मैं पास हो गया, तो परसेंट में किसके नाम चढ़ेगा? मेरे, या मेरे कोच के?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.