बाईंची काळी चार

माझी पीएच.डी. मींडेवर आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी 'छान' म्हणतो आणि मग विषय बदलतो. म्हणून मी हल्ली लगेच समजावूनच टाकते. गाणारा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना कधी उडी मारतो, कधी घसरत जातो. त्या घसरत जाण्याला मींड म्हणतात. माझ्या बाई मींड घेताना नेमकं काय करतात, किती वेळ घेतात, कुठे रेंगाळतात, हे संगणकावर रेघ काढून बघायचं, एवढाच माझा प्रबंध. तो लिहायला मला एवढी वर्षं का लागली, हे मात्र आईलासुद्धा अजून समजावता आलेलं नाही.

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. सानपाड्याला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्या आणि काका राहतात. बाई देशावरच्या, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून खणखणीत. काका कोकणातले, जासईच्या एका कंटेनर यार्डात हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, असं ते स्वतः सांगतात आणि बाई त्याला दुजोरा देतात. "ह्यांना भूप आणि प्रेशर कुकरची शिट्टी सारखीच," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. काका त्यावर हसतात. एकच काम त्यांच्याकडे लग्नापासून होतं, तानपुरे सुरात लावायचं. बाईंनीच शिकवलेलं. सकाळी आतल्या खोलीत दार लावून ते मिरजेहून आणलेली जोडी लावायचे आणि बाहेर आणून बाईंच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. मग चहा. समोरच्या फ्लॅटमध्ये उरणकडचं एक मुस्लिम कुटुंब आहे. त्यांच्या आजी या वेळेला स्वतःचं दार उघडं टाकून खुर्चीत बसायच्या. एखाद्या दिवशी रियाजाला उशीर झाला, तर त्या चौकशीला येत.

बाईंच्या घरात पेटीला मज्जाव. "पेटी म्हणजे कुबडी. ज्याचे पाय धड आहेत त्यानं कशाला घ्यायची?" मोबाइलवरचा तानपुराही चालायचा नाही. शिकवणी तानपुऱ्यावर, आणि बाईंची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. लग्नाआधी काळी चार, बाळंतपणानंतर काळी चार, साठी उलटली तरी काळी चार. वय झालं की बहुतेक गायिकांचा आवाज खाली येतो आणि त्या मुकाट्याने पट्टी उतरवतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण हे बाईंना सांगणार कोण? त्यांची एक जुनी मैत्रीण खालच्या पट्टीत गायली, तेव्हा घरी येऊन बाई म्हणाल्या होत्या, "पट्टी उतरली की माणसानं उठावं. मैफलीतनं उठावं आणि गाण्यातनंही उठावं. माझी उतरेल त्या दिवशी मी तानपुऱ्यांना खोळी घालणार." बाई बोलतात ते करतात. एकदा चहा सोडते म्हणाल्या, तो सोडला. काका अजून दोन कप करून दुसरा स्वतःच पितात.

प्रबंधासाठी मला बाईंचं गाणं हवं होतं, आणि तेही बरंच. काकांनी एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. शिकवणी रेकॉर्ड करायचा त्यांना छंद होता. वर्षानुवर्षांचं गाणं त्यात तारखेवार लावलेलं होतं, कंटेनर लावावेत तसं. मी हरखून गेले. आता मींड मोजायची तर आधी त्या दिवशीचा सा कुठे आहे हे संगणकाला सांगावं लागतं, मग बाकीचे सूर त्याच्या हिशेबाने. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगचा सा मी काढून ठेवला. एका दुपारी सहज ते सगळे सा एकाखाली एक न ठेवता एका आलेखावर टाकले.

आणि रेघ खाली येत होती.

माझा पहिला संशय रेकॉर्डरवर. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो हसण्यावारी नेला. मग मी विद्वत्ता पाजळली. नवी मुंबईची दमट हवा, खाडी, तानपुऱ्याचा भोपळा, तारांवरचा ताण, असं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. 'नागरी आर्द्रता आणि आधारस्वर' असं त्याचं नावही ठरवलं. हिवाळ्यात तरी रेघ जरा वर जायला हवी होती, ती जात नव्हती, तरी मी नेटाने लिहीतच होते. संशोधकाला एकदा सिद्धान्त सुचला की तो सोडवत नाही, मांजरीला पिल्लू सोडवत नाही तसं.

उलगडा झाला तो एका सकाळी बाईंकडे पाणी प्यायला उठले तेव्हा. आतल्या खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. काका पलंगावर बसून तानपुरा लावत होते आणि शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा मंद आवाजात चालू होता. त्यावरून सा घेऊन ते तारा जुळवत होते. डब्याच्या गोल बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तारा लावण्यापुरता तेवढा डबा बाईंना चालायचा; काळी चार कुठे, हे काकांनी विसरायला नको म्हणून तो ठिपका बाईंनीच कधीकाळी लावलेला. बटणाची खूण त्या ठिपक्यापासून बरीच खाली सरकलेली होती.

काकांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं.

"दार लाव गं," ते म्हणाले. मी आत जाऊन दार लावलं.

"टेन्शन नको घेऊ," काकाच मला म्हणाले. "तिच्या घशाचं दुखणं झालं होतं ना, त्यानंतर वरचा सा लागेना. ती रोज खोकल्याचं निमित्त सांगायची. मग मी एक दिवस केसभर खाली घेतला. तिला बरं वाटलं. मग थोड्या दिवसांनी आणखी केसभर."

"त्यांना कळलं नाही?"

"तुला कळलं?"

मी त्याच दोन तानपुऱ्यांसमोर बसून शिकत होते आणि मला कळलं नव्हतं. रोजच्या माणसाचे केस पांढरे होताना कुठे दिसतात? बाई तर उलट खुशीत होत्या. "रियाज म्हणजे काय ते बघा," असं आम्हाला ऐकवायच्या, "साठीनंतर माझा वरचा सा उलट सोपा झालाय." काका तेव्हा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असायचे. मला त्या दिवशी काकांची फार माया आली. मी खोकले आणि बाहेर आले.

दमट हवेचं प्रकरण मी फाडून टाकलं. सा घसरल्याचा आलेख प्रबंधात घालायचाच नाही असंही ठरवलं. प्रबंध मींडेवर होता, आलेखावाचून काही अडत नव्हतं. पण माशी वेगळीकडेच शिंकली. आमच्याकडे परीक्षकांपुढे विषय गाऊनही दाखवावा लागतो. त्यात एक मींड मला काही केल्या येईना. मध्यमावरून गंधारावर येताना मला मध्ये कुठेतरी ठेच लागायची.

"पायरी लागली," बाई म्हणायच्या. "पुन्हा. मींडेत पायरी लागता कामा नये. कधी निघालीस ते कळू नये, पोचलीस की मगच कळावं."

शेवटी त्यांचा धीर सुटला. "राहू दे. परीक्षकांपुढे ती मींड मीच गाऊन दाखवते. तू तुझी रेघ दाखव."

माझा प्रबंध धन्य झाला, पण नवीच पंचाईत झाली. कारण विभागाचा नियम होता, साथीला तबला आणि पेटी हवी. पेटीचे सूर ठरलेले, ते केसभर उतरवता येत नाहीत; पेटी येणार म्हणजे पट्टी उघडी पडणार.

काका आणि मी कट केला. जासईच्या भजनी मंडळात एक पेटीमास्तर आहेत, काकांच्याच यार्डात काम करणारे, चाळिशीचे, दिलदार. मी त्यांना फोन करून सगळं नाही, पण एवढं सांगितलं की बाई काळी चार म्हणतील, तुम्ही गुपचूप काळी तीनवर साथ करा. एक अख्खा सूर खाली, जिथे काकांचे तानपुरे येऊन पोचले होते. "टेन्शन नाय ताई," ते म्हणाले, "आमी सांबालून घेतो."

रविवारी सकाळी तालीम ठरली. मास्तर आले, पेटी उघडली, भाता हलवला. दोन्ही तानपुरे सुरू होते. आता त्यांनी मुकाट्याने काळी तीनवर बोट ठेवायचं, एवढंच उरलं होतं. पण साथीदाराचा एक रिवाज असतो. गायकाची पट्टी गायकाच्या तोंडूनच घ्यायची. ठाऊक असली तरी विचारायची, तो मान असतो. मास्तरांच्या हाडीमाशी खिळलेला तो रिवाज. त्यांनी हात जोडले आणि अदबीने विचारलं, "बाई, पट्टी कंची हाय?"

"काळी चार. आणखी कोणती?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले. पण एवढी वडीलधारी बाई तोंडाने सांगतेय म्हटल्यावर तो भला माणूस काय करणार? त्यांनी काळी चारवर बोट ठेवलं.

पेटीचा सा आणि तानपुऱ्याचा सा एकमेकांच्या अंगावर आले. माझ्या दातांत कळ गेली. मास्तरांनी पटकन बोट उचललं. "तंबोरा उतरलाय वाटतं काका," त्यांनी सारवासारव केली.

"दमट हवा," काका म्हणाले. माझं फाडलेलं प्रकरण असं कामाला आलं.

"मग चढवा," बाई म्हणाल्या.

काकांचा हात खुंटीवर गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी क्षणभर वाट बघितली, मग तानपुरा स्वतःकडे ओढला आणि मास्तरांना पेटीचा सा धरायला लावून एकेक तार वर घेतली. मग दुसरा. बराच वेळ लागला. मग डोळे मिटून त्यांनी सा लावला. पंचमापर्यंत सगळं ठीक होतं. निषादावर आवाज ताणला गेला. आणि वरच्या सा पर्यंत तो पोचलाच नाही, खालीच थरथरत उभा राहिला. बाईंनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. त्या खोकल्या नाहीत.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

काका वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"तुझ्या घशाचं झालं तेव्हापासून," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "तू म्हणाली होतीस, पट्टी उतरली की खोळी घालणार. तू घातल्याच असत्यास. मग मी सकाळी काय ऐकायचं? मला कळत नाही त्यातलं काही, पण ते नसलं तर घर कसं होईल ते कळतं."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पाण्याचा तांब्या उचलला. बाईंनी माझ्याकडे मान वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"आलेखात दिसलं, बाई."

"दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बाईंना संगणकाचा तिटकारा. माझ्या रेघांना त्या 'गांडुळं' म्हणायच्या. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, त्या रेघेवरून बोट नेलं. इथे घशाचं दुखणं, इथे नातवाचा जन्म, इथे मी नव्याने शिकायला आलेली. शेवटाला आल्यावर त्या पुन्हा सुरुवातीला गेल्या.

"ह्यात पायरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, बाई."

त्या बघत राहिल्या. मग चष्मा काढून काकांकडे वळल्या. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"लग्नापासनं सांगताय, मला गाण्यातलं कळत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "ही मींड आहे. इतकी लांब मींड मला आयुष्यात घेता आली नाही." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही तानपुरे काकांच्या पुढ्यात सरकवले. "घ्या. लावा. जिथं आणून ठेवलंत तिथंच लावा."

काका तानपुरे घेऊन आतल्या खोलीकडे जायला उठले. "आता आत कशाला?" बाई म्हणाल्या. मग ते तिथेच, सगळ्यांसमोर, तारा उतरवायला बसले. एकेक तार दोनदा जुळवून बघत होते, त्यामुळे पुष्कळ वेळ लागला. दाराबाहेर चप्पल वाजली. समोरच्या आजी उशीर का झाला ते बघायला येऊन दारात उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना हाताने बस म्हटलं.

तानपुरे जुळले. मास्तरांनी पेटी पुढे ओढली. त्यांना सगळं कळलं होतं, पण रिवाज तो रिवाज. त्यांनी परत हात जोडले.

"बाई, पट्टी कंची हाय?"

बाईंनी एकदा काकांकडे बघितलं.

"काळी तीन," त्या म्हणाल्या आणि सा लावला.