आईच्या पिशवीतलं हळकुंड

टेंभुर्णीच्या फाट्यावर त्या सकाळी धुकं एवढं होतं की एसटी आधी ऐकू आली, मंग दिसली. आईनं घाईघाईनं माझ्या पिशवीत हळकुंडं कोंबली. "अगं, मी पुण्याला शिकायला चालले, लगीन करायला न्हाई!" मी वैतागले. "घशाला लागतात. बस मुकाट्यानं," ती म्हणाली. गाडी हलली अन् फाटा, कपाशी, आईचा पदर, सगळं धुक्यात विरलं. ते अजून स्वप्नात दिसतं. स्वप्नातही मी वैतागलेलीच असते.

इथं मी कॅथलॅब टेक्निशियनचं शिकून राह्यले. गावात तुम्ही "पोरगी डॉक्टर झाली" म्हणून सांगत फिरता, तसं काही न्हाई बरं का. डॉक्टर नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, आम्ही यंत्रं सांभाळतो. नळीतून औषध सोडलं की अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हृदयाच्या नसा क्षणभर उमटतात अन् विरून जातात. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात शिरतं, बराबर तसंच. पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा आपण कुठं उभं आहोत हेच मी विसरले.

मागं एकदा त्याच खोलीत, तपासणीच्या टेबलावर आई आली. छातीत दुखायचं, ती गॅस म्हणायची. सिस्टरनं मंगळसूत्र काढायला सांगितलं, त्यातलं सोनं फोटोच्या आड येतं म्हणून. आई ताडकन उठून बसली अन् माझ्यावरच ओरडली, "तुझे आण्णा भाईर धडधाकट बसलेत, अन् मी पोत काढू? बिलकुल न्हाई! मेले तरी चालंल!" डॉक्टर खोळंबले. नस तुंबलेली असली तर उशीर जिवावरचा. मला राग आला अन् रडूही.

मंग आठवलं. आमच्याकडं पोत तुटली की नवी ओवेस्तोवर बाया पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. माझ्या लॉकरमधी आईनं दिलेलं एक पडलेलंच होतं. पट्टीचा दोरा ओला करून त्यावर घासून पिवळा केला, हळकुंड बांधलं. "आधी ते गळ्यात घाल," आई म्हणाली. मी तिच्या गळ्यात घातलं. "हां, आता काढ पोत."

काचेआडून मी पाहत राह्यले. तिची पोत माझ्या मुठीत, अजून कोमट. पडद्यावर एक नस मधीच अडली होती. डॉक्टरांनी स्टेंट बसवला अन् रक्त अलगद पुढं सरकलं. मी हमसून हमसून रडले.

आई बरी होऊन परत गेली, जाताना पुन्हा हळकुंडं देऊन. गावाकडच्या बायांसाठी ती लॉकरमधी ठेवलीत. घर कुठं विचारलं की मी अजून टेंभुर्णीच म्हणते. पण त्या थंडगार खोलीत मला आता हळदीचा वास येतो. आई तिथं माझ्यावर ओरडली ना. परक्याच्या घरी ती कधी आवाज चढवत न्हाई.