चिंचेवरचे बगळे आणि बकुळाताई

बकुळाताई ओव्हाळ रेल्वेत लागल्या त्या नवऱ्याच्या जागी. हरिचंद्र ओव्हाळ कल्याणच्या पार्सल ऑफिसात होते. काविळीचं निमित्त होऊन ते गेले, तेव्हा त्यांचा मुलगा चंदर प्राथमिक शाळेत होता. सासर-माहेरच्यांनी गावी चल म्हटलं, पण बकुळाताई विठ्ठलवाडीतली चाळीची खोली सोडायला तयार झाल्या नाहीत. अर्ज केला, खेटे घातले आणि नवरा ज्या ऑफिसात काम करायचा तिथेच कामाला लागल्या.

मी लग्न होऊन या चाळीत आले ब्याऐंशी साली. माझे यजमान अंबरनाथला कारखान्यात होते. ते ड्यूटीला गेले की मला खोली खायला उठायची. बकुळाताई शेजारच्याच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बाहेर बोलावलं.

"तुळशे, ते तारेवर बसलंय ना, काळं, लांब शेपटीचं? त्याला कोतवाल म्हणतात. कावळ्याला पण हाकलतो तो. तू पण जरा तसं राहायला शीक. किती घाबरतेस!"

तेव्हापासून माझी भीती हळूहळू कमी झाली.

पाखरांचं वेड त्यांना लागलं ते मी चाळीत यायच्या आधी, कुशीनगरला. रेल्वेचा पास मिळायचा. विहारातल्या काही बायका तीर्थाला निघाल्या, तशा ताईही निघाल्या. गोरखपूरहून पुढे बसने जाताना एका पाणथळ शेतात त्यांना सारस पक्ष्यांची जोडी दिसली. माणसाएवढी उंच, लाल मानेची. बस बिघडून थांबलेली होती म्हणून ताई खाली उतरून बांधापर्यंत गेल्या. तिथला शेतकरी म्हणाला, "जोड़ी है दीदी. एक मर जाए तो दूसरा भी नहीं बचता."

ही हकीकत त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. एकदा मी विचारलं, "मग तुम्हाला काय वाटलं हो तेव्हा?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वाटलं, पाखराला परवडतं तसं. मला चंदरला शिकवायचं होतं."

पुढे दरवर्षी पास मिळाला की त्या कुठेतरी निघायच्या. भरतपूर, चिलिका, रामेश्वर. कधी ऑफिसातली मैत्रीण सोबत असायची, कधी एकट्याच. एकट्या बाईने फिरावं याबद्दल चाळीत कुजबुज व्हायची. ताई परत आल्या की ओट्यावर बसून सगळ्यांना तिथलं खाणं, भाषा, बायकांची लुगडी यांचं वर्णन करून सांगायच्या, आणि कुजबुजणाऱ्या बायकाच सगळ्यात पुढे बसलेल्या असायच्या.

दुर्बीण त्यांनी कॅम्प दोनच्या बाजारातून घेतली, तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार सिंधी, वयस्कर. त्याने विचारलं, "किसके लिए चाहिए बहनजी? घर में कोई मिलिटरी में है?"

"नहीं, मेरेकू चिड़िया देखने का है," ताई म्हणाल्या.

तो हसला नाही. काउंटरमागून बाहेर आला, दुर्बीण ताईंच्या हातात दिली आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे एक घार बसली होती. "देखो. हमारे सक्खर में नदी के ऊपर बहुत आती थीं," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी बराच वेळ तिथेच उभा राहिला.

ताई नुसत्या पाखरांतच रमल्या होत्या असं मात्र नाही. चाळीतली कोणी बाई अडली की मध्यवर्ती हॉस्पिटलात न्यायला ताईच असायच्या. संध्याकाळी चाळीतली पोरं त्यांच्या ओट्यावर पाढे म्हणायची. आमच्या चाळीला नळ नव्हता, पाणी रस्त्यापलीकडून आणावं लागायचं. ताईंनी आम्हा सगळ्या बायकांना रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेत नेऊन बसवलं. तिसऱ्या खेपेला नळ मंजूर झाला. पाइप चाळीच्या टोकाच्या चिंचेखालून जात होता, म्हणून नळही चिंचेखालीच बसला. पाणी आलं त्या दिवशी सुंदराबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं आणि ताईंना मिठी मारली. सुंदराबाई आगरी, माहेर उरणकडचं, मिठागरातलं. आवाज असा, की एका टोकाला बोलल्या तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

दोनेक वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडावर त्या चिंचेवर बगळे आले. आधी थोडे, मग झाडच पांढरं दिसायला लागलं. गायबगळे होते, रातबगळे होते. काड्या आणायचे, भांडायचे, रात्रभर क्वॉक क्वॉक चालायचं. ताईंना हर्ष झाला. कामावरून आल्या की चहा घेऊन झाडाखाली उभ्या.

पण बगळ्यांची विष्ठा पडायची ती थेट हंड्यात. अर्धवट खाल्लेले मासे, बेडूक खाली पडायचे, वास सुटायचा. आम्ही हंड्यांवर फडकी टाकली, ती रोज धुवावी लागायची. मग सुंदराबाईंच्या नातवाला हगवण लागली आणि सलाइन लावायची वेळ आली. तो बरा होऊन घरी आला, त्या संध्याकाळी सुंदराबाई ताईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"बकुला, तुजं बगलं आमच्या हंड्यान हगतान. माजा नातू मरता मरता वाचला. आता ता झार ठेवाचा नाय!"

सगळी चाळ गोळा झाली. सुदाम म्हणून एक जण कॅम्प दोनमधल्या वर्कशॉपात पाइप फिटिंग करायचा. तो म्हणाला, "रविवारी फांद्या उतरवून टाकू. माणसं माझी, कुऱ्हाडी माझ्या."

सगळ्यांना वाटलं, आता ताई भांडणार. ताईंनी वर चिंचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सुंदराबाई खरं बोलतात. असलं पाणी पोरांनी पिऊ नये. मी आधीच बोलायला हवं होतं. पण वर पिल्लं आहेत. फांद्या तोडल्या की ती सगळी खाली पडून मरतील, आणि ती आपल्यालाच उचलावी लागतील."

"मग काय करायचं म्हणता?" सुदामने विचारलं.

"नळ हलवू."

सुदाम म्हणाला, "पाइप ओढता येईल. नगरपालिकेत तुम्ही बोला, काम मी करतो. पण नळ न्यायचा कुठे?"

नळ दारात म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटेपासून हंड्यांची रांग, भांडणं, शिव्या, चिखल, डास. ओटा आपला राहत नाही, झोप आपली राहत नाही. एकेक जण आपलं दार का सोयीचं नाही ते सांगू लागला. मीही आमच्या दारात उतार आहे असं म्हटलं. उतार होताच.

"माझ्या दारात आणा," ताई म्हणाल्या.

सुंदराबाई म्हणाल्या, "अगो येरे, तू दिवसभर कामाव जातंस. निजशील कवा?"

"निजेन कधीतरी."

नगरपालिकेची परवानगी काढून सुदामने आठवड्याभरात काम केलं. रविवारी जी माणसं फांद्या तोडणार होती त्यांनीच चर खणला. तेव्हापासून पहाटे पाणी आलं की ताईंच्या दारात कलकल सुरू व्हायची. कधी कधी त्या वैतागून बाहेर यायच्या, "जरा हळू बोला गं, काल उशिरा आलेय मी!" म्हणायच्या. बायका थोडा वेळ हळू बोलायच्या आणि परत आवाज चढायचा. ताईंनी नळ दुसरीकडे न्या असं एकदाही म्हटलं नाही. पिल्लं मोठी झाली, उडून गेली. पुढच्या वर्षी बगळे परत आले. ही बातमी साऱ्या चाळीला ओरडून सांगितली ती सुंदराबाईंनी.

शहाण्णवला ताई निवृत्त झाल्या. तोवर हृदय कमजोर झालं होतं. चंदर नाशिकला नोकरीला होता, तो चला म्हणायचा. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. ताई ओट्यावर नुसत्या बसून राहायला लागल्या. हे सुंदराबाईंना बघवेना.

"उरनला चल माज्या म्हायेरी. तितं मिठागरान हिवाल्यात उंच पायांची गुलाबी पाखरं येतान. मी ल्हानपनी दगर मारून उरवायची त्यांना."

"दगड मारायच्या?" ताई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या.

चंदरने गाडी ठरवून दिली. मीही गेले. सुंदराबाईंच्या भावाने, धोंडिबाने, बांधावर खुर्ची आणून ठेवली होती. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, माना खाली घालून चरत होते. ताईंनी दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं, मग ती सुंदराबाईंच्या डोळ्यांना लावून दिली. सुंदराबाईंनी पाहिलं आणि एकाएकी त्यांचा आवाज बारीक झाला.

"बकुला, एवरी जवल? त्यांचं डोलं पन दिसतान गो."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे बसलो. परतताना ताई गाडीत सुंदराबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

त्या उन्हाळ्यात ताई गेल्या, झोपेतच. जलदान विधीला विहार भरून गेला होता, पार्सल ऑफिसातले हमालही आले होते. सुंदराबाई सगळा वेळ चंदरजवळ बसून होत्या.

दिवाळीनंतर चाळीतल्या बायकांनी ठरवलं की सांचीला जायचं. ताई दरवर्षी कुठेतरी जायच्या, तर आपणही जाऊ. तिकिटं काढायची कुणी, यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी सुंदराबाई माझ्याबरोबर कल्याणला आल्या, आरक्षणाच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर लागल्यावर खिडकीत वाकून एवढ्या मोठ्यांदा "सांची!" म्हणाल्या, की आतला बाबू दचकला.