तळ्यात गेला की आऊट

बाबांची अट साधी होती. दिवाळीपर्यंत पन्नास माणसांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन माझा खेळ विकत घ्यायचा. घेतला तर ते डी.एड.चं नाव काढणार नाहीत. नाही घेतला तर येत्या जूनमध्ये मी मुकाट्याने फॉर्म भरायचा. बाबा जव्हारच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडायचे नाहीत, औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागदसुद्धा. मी नेमका उलटा. कुठलीही वस्तू आधी उघडायची, मोडायची, आणि मग कागद शोधायचा, अशी माझी पद्धत. या गोष्टीतला सगळा घोळ या एका फरकातून झाला, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी एस.टी. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायचो. चार मशिनं होती, त्यातली तीन चालायची. त्यांवर नाशिकहून कुणीतरी आणलेला क्रिकेटचा गेम होता. तोही कॉपी केलेलाच, त्यात काही गैर आहे असं तेव्हा कुणाला वाटायचं नाही. एका सीडीवर मला एक छोटं सॉफ्टवेअर सापडलं. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं ते केलं होतं. त्यातून गेममधल्या खेळाडूंची नावं, चेहरे, मैदान, सगळं बदलता यायचं. मी महिनाभर खपलो आणि आमचं तळ्याकाठचं मैदान त्यात उतरवलं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला तीन आंब्याची झाडं, आणि स्कोअरबोर्डवर ‘जव्हार विरुद्ध मोखाडा’. किंमत तीस रुपये.

पहिली सीडी दुपारी विकली गेली. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या गावात होती आणि मला मिळाले होते तीस रुपये.

"अहो उद्योगपती," बाबा जेवताना म्हणाले, "एकोणपन्नास राहिले."

मी पासवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत तो पानाच्या टपरीवर खडूने लिहिलेला होता. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती खरंच चांगली होती, हे आजही छाती फुगवून सांगतो. प्रत्येक सीडीत गिऱ्हाइकाचा स्वतःचा फोटो! दुसऱ्याचं तोंड असलेली सीडी कोण फुकट घेईल? लोक फोटो घेऊन आले. फोटो म्हणजे तहसील कचेरीसाठी काढलेले, जातीच्या दाखल्याला लावून उरलेले. दोन्ही कान दिसत आहेत, मान ताठ, डोळ्यांत साहेबांची भीती. असा एकच घाबरलेला चेहरा घेऊन अकरा जण मैदानात उतरायचे आणि मोखाड्याच्या बोलर्सना धुवून काढायचे. लोक हसून हसून खुर्चीवरून पडत. महिन्याभरात तीस सीड्या गेल्या.

मग सूर्यमाळचा डावखुरा आला. आमच्या भागातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत त्याच्यासारखा फटका कुणाचाच नव्हता. बाजाराच्या दिवशी उतरला होता. क्लासमध्ये बसला, स्वतःचं तोंड बघून खूश झाला, आणि तिसऱ्याच बॉलला त्यानं तळ्याच्या दिशेनं उचलून मारला. पडद्यावर सिक्स. टाळ्या.

तो उठून उभा राहिला. "ह्या काय रं?"

"सिक्स आहे दादा."

"तठं तळा हाय ना? तळ्यात गेला का आऊट. मारला त्यानंच पोहत जाऊन आणायचा. तुला ठावं नाय?"

ठाऊक नसायला काय झालं! आमच्या मैदानाचा तो सर्वांत जुना कायदा. बॉल एकच असतो, म्हणून तळ्यात मारणारा बाद. त्याच तळ्यात मी दोनदा उतरलो होतो, चपला हातात धरून. आंब्याची झाडं मी पानं मोजून काढली होती, आणि हे विसरलो.

"पैसं परत दे नायतर आऊट कर," डावखुरा म्हणाला. त्याच्या मागे बसलेल्या दोघांनीही आपल्या सीड्या पुढे केल्या.

"आऊट करतो," मी म्हणालो. कसं करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं, पण शब्द तोंडातून गेला होता.

गेमचे नियम काही माझ्या हातात येईनात. आकडे बदलता येत होते, म्हणून मी सीमारेषेचा आकडा बदलला. तळ्याकडची सीमा इतकी लांब ढकलली की बॉल आत पडेल आणि कॅच जाईल. हिशोब थोडा चुकला. सीमा बहुधा मोखाड्याच्या पलीकडे गेली. बॉल गेला, फिल्डर त्याच्यामागे धावत गेला आणि दिसेनासा झाला. तो परत येईपर्यंत डावखुऱ्यानं सतरा रन काढले.

गंमत अशी की लोकांना हेच आवडलं. "सतरावाली सीडी आहे का?" असं विचारत पार वाडा तालुक्यातून माणसं आली. दसऱ्याच्या आत पन्नास पुरे झाले. डावखुरा तेवढा म्हणत राहिला, "आऊट नाय झाला अजून."

मी पन्नास नावांची यादी बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, यादी वाचली, आणि म्हणाले, "खेळ दाखव."

मी क्लासमध्ये नेलं. त्यांनी खेळ पाहिलाच नाही. सीडीतल्या फाइली वरपासून खालपर्यंत बघत गेले आणि एका फाइलवर बोट ठेवलं. ती त्या परदेशी माणसाची होती, सॉफ्टवेअरबरोबर आलेली. मी ती प्रत्येक सीडीवर निमूट कॉपी केली होती, एकदाही न उघडता.

"हे वाचलंस?"

"ते सूचना वगैरे असतात, बाबा."

"हो. सूचनाच आहे." त्यांनी वर्गात धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. हे मी हौसेनं, मोकळ्या वेळात केलं आहे. सगळ्यांना फुकट. कृपया यावर पैसे घेऊ नका. "‘प्लीज’सुद्धा लिहिलंय त्यानं. पन्नास वेळा ‘प्लीज’ वाटलंस तू लोकांना."

"मग पन्नास...?"

"शून्य," बाबा म्हणाले आणि चष्मा खिशात ठेवला.

क्लासच्या शेजारी शिंपीचाचांचं दुकान होतं. मी तिथे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ते पायमशीन न थांबवता म्हणाले, "बेटा, लोक कापड घेऊन येतात. कापडाचे पैसे मी घेतो काय?"

"नाही."

"शिलाईचे घेतो. कोणी म्हणतो काय, चाचा, शिलाई फुकट? तू कापडाचे पण लावले. चोर!" आणि हसून त्यांनी दोरा तोडला. "थोबाड कोणी शिवलं? तू. त्याचे घे."

मी ठरवलं. तीस रुपये प्रत्येकाला परत, खेळ फुकट, आणि चेहरा बसवण्याची मजुरी दहा रुपये, ज्याला द्यायची असेल त्यानं द्यावी. दिवाळीला तीन आठवडे होते. यादी घेऊन निघालो. जव्हार एका दिवसात झालं. लोक तीस घ्यायचे आणि दहाचं नाव काढलं की मला नीट न्याहाळायचे. "तीस देऊन दहा मागतोस? बरा आहेस ना?" एकानं पाणी दिलं आणि घरी कुणी आजारी आहे का, ते विचारलं. साखरशेत गावातला एक जण भातकापणीत होता. तो म्हणाला, मजुरी देतो, पण आधी एक वाफा कापू लाग. लागलो. विळा बोटाला लागला, पण दहा रुपये मिळाले, आणि ते दहा मला आधीच्या पंधराशेपेक्षा जड लागले. त्यानंतर मी एकाही घरी तोंड चुकवून बोललो नाही. पायरीवर बसायचो, फाइलमध्ये काय लिहिलंय ते सांगायचो, पैसे ठेवायचो आणि मजुरी मागायचो. ‘नाही’ म्हणाले तर उठायचो, पुढच्या घरी पुन्हा मागायचो.

सूर्यमाळला शेवटी गेलो. एस.टी. मोखाड्यापर्यंत, तिथून मिळेल त्या जीपनं. डावखुरा अंगणात नाचणी झोडत होता. त्यानं तीस रुपये मोजून घेतले आणि दहा परत दिले.

"तोंड लावलास त्याचा हा. आनी तळ्याचा काय?"

"होत नाही रे दादा. तीन आठवडे आकडे बदलले. मशीन ऐकत नाही."

"मशीनला कशाला सांगतंस?" तो म्हणाला. "तळ्यात मारला का खुर्चीवरनं उठायचा. दुसरा बसंल. झाला आऊट."

मी अंगणाच्या कुडाला टेकलो. तीन आठवडे!

"ह्याची मजुरी नाय घेत मी," तो म्हणाला आणि पुन्हा झोडायला लागला.

घरी येऊन मी माझी स्वतःची सूचनांची फाइल लिहिली, इंग्रजीत. सॉफ्टवेअर त्या परदेशी माणसाचं, फुकट. चेहरे बसवण्याची मजुरी माझी, दहा रुपये. तळ्याचा नियम सूर्यमाळच्या माणसाचा, खुर्चीवरून उठून पाळावा. तिची प्रिंट काढून, मजुरी दिलेल्यांची नवी यादी जोडून, वसुबारसेला बाबांपुढे ठेवली. यादीत एकतीस नावं होती.

बाबांनी लाल पेन काढलं. सात चुका निघाल्या, ‘प्लीज’चं स्पेलिंग धरून. कागद परत देताना त्यात दहाची नोट होती आणि निवडणूक ड्यूटीच्या ओळखपत्रासाठी काढलेला त्यांचा फोटो. दोन्ही कान दिसत होते.

"त्या खेळात अंपायरला तोंड असतं का?"

"असतं."

"बसव."

मी यादीत नाव लिहिलं. "बत्तीस," मी म्हणालो.

"बत्तीसच," बाबा म्हणाले. "जूनमध्ये फॉर्म भर."