तोफ आधी फोनात वाजली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अवरे सोलणं. अवरे म्हणजे आपले पावटे. थंडीत मैसूरला हे घरोघर चालतं. भिजवलेला दाणा दोन बोटांत दाबायचा, साल हातात राहतं आणि डाळ उडून परातीत पडते. दाबत मी होतो. ही समोर खुर्चीत बसून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, मोबाइलवर एका सरकारी खात्याची वेबसाइट तपासत होती.

"अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "कन्नड नीट दिसतं, अक्षरांच्या जागी चौकोन नाहीत. अर्ज नाकारला तर कारण सांगतात. साहेबाचं नाव आहे, कुठल्या खोलीत बसतो ते आहे. फोन मात्र उचलत नाहीत."

"मग कर नापास."

"अय्यो, तुम्ही सुम्ने, गप्प बसा. पोलिसांना सगळ्याची घाई. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की परत लावते. तोवर मार्क नाहीत."

"आणि मी इतके दाणे सोलले त्याचे मार्क?"

"अर्धी डाळ तुमच्या बनियनवर आहे. तुम्ही लग्न झाल्यापासून नापास."

सरकारी वेबसाइटना मार्क द्यायचा नाद तिला एका केसमुळे लागला. माझ्या नोकरीत खून झाले, घरफोड्या झाल्या, दंगा झाला. पण कोणी म्हणालं की एखादी केस सांगा, तर तीच आधी तोंडात येते, आणि अजून हसूही येतं. इथल्या मराठी मंडळींनी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह केला, म्हणून लिहितोय. मी सातवी पास, तीही कन्नड शाळेत. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. मराठी आमच्या घरातली, तोंडची. संपादकांनी चुका दुरुस्त कराव्यात, पण मजकुराला हात लावू नये. नाव कुणाचंच देणार नाही. बोलणं सगळं कन्नडात झालं, मी ते मराठीत देतोय.

तेव्हा मी शिपायापासून चढत चढत ए. एस. आय. झालो होतो. एका सकाळी ठाण्यात पत्र आलं. दाखले देणाऱ्या एका सरकारी खात्याची तक्रार होती. नर्सिंग कॉलेजात प्रवेश घेतलेल्या एका मुलीने जोडलेला दाखला आमच्या खात्याचा नाही, बनावट आहे, तिच्यावर कारवाई व्हावी.

मुलीला बोलावलं. बरोबर वडील. ते कडकोळला एका कारखान्यात कामाला, त्या दिवशी पाळी बुडवून आलेले. ते बाहेरच्या बाकावर बसले. मी मुलीला आत घेतलं.

"दाखला कुठून आणलास?"

"खात्याच्या साइटवरून, सर."

"कुठल्या साइटवरून?"

"जी उघडली, त्या."

"म्हणजे काय?"

"एक उघडतच नव्हती, सर. उघडली तर सगळे चौकोन चौकोन. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. मग दुसरी सापडली. ती उघडली, फोन उचलला, सगळं नीट समजावलं, घरी दाखला आला. मी काय चोरी केली? उघडणारी साइट खोटी असते हे मला कोणी शिकवलंय का?"

माझ्यावरच चिडली. मला बरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस गोष्ट ओळीने लावून सांगतो आणि फार नम्र असतो. ही मागचं पुढे, पुढचं मागे सांगत होती आणि मधेच रागावत होती. मी जबाब लिहून घेतला आणि इन्स्पेक्टर साहेबांना म्हणालो, "सर, ही पोरगी फसलीय. हिने फसवलेलं नाही."

साहेब माणूस चांगला, पण कायद्याने चालणारा. "दाखला खोटा, जोडला हिने. साइट चालवणारा सापडला तर ही साक्षीदार. नाही सापडला तर आरोपी. आणि तो कुठला सापडतोय? असल्या टोळ्या सगळ्या उत्तरेत बसून चालतात. फोन कंपनीला पत्र गेलंय, उत्तर येईल तेव्हा येईल. दसऱ्याचा बंदोबस्त संपला की एफ. आय. आर. करू."

म्हणजे दसरा संपेपर्यंत मुदत. एफ. आय. आर. झाला की कॉलेजातली जागा गेली, आणि पुढे कुठल्या दवाखान्यात तिला नर्स म्हणून उभं करणार? वडील जाता-येता एकच विचारायचे, "सर, पोरीचं नाव केसला लागणार का?" मी म्हणायचो, बघू. पोलिसाचं 'बघू' लोकांना चांगलं कळतं. ते मान खाली घालून जायचे.

दसऱ्याला, म्हणजे जंबो सवारीच्या दिवशी, मैसूरचा पोलीस झाडून रस्त्यावर असतो. हत्ती, अंबारी, गर्दी. माझा गुडघा त्या वर्षी दगा देत होता म्हणून मला ठाण्यात बसवलं. ठाणं राजवाड्यापासून बरंच लांब. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मुलीला पुरवणी जबाबासाठी त्याच दिवशी बोलावलं होतं. मला दुसरा मोकळा दिवस नव्हता. दुपारी आमची ही डबा घेऊन आली. पाहते तर मुलगी बाकावर रडतेय.

"जेवलीस?" हिने विचारलं.

"भूक नाही."

"रडायला ताकद लागते. खा." डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, तिच्यापुढे सरकवलं. माझ्यासाठी आणलेलं. मग म्हणाली, "दाखव बघू त्या दोन्ही साइट."

दोघी मोबाइलवर डोकं लावून बसल्या. खरी साइट उघडायचा प्रयत्न ही बराच वेळ करत होती. शेवटी म्हणाली, "हत्ती पोचेल राजवाड्यापासून मैदानात, हे काही उघडत नाही." मग खोटी उघडली. पटकन. मोठं अक्षर, स्वच्छ कन्नड, कुठला कागद लागतो ते एकेक करून लिहिलेलं, वर फोन नंबर. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मला विचाराल तर हीच खरी हवी होती."

"दे इकडे तो फोन, डबा जाईल गार," मी म्हणालो.

"थांबा हो. नंबर चालतो का ते तर बघू." आणि लावला. मी अडवेपर्यंत रिंग गेली.

"आज जंबो सवारी," मी म्हणालो. "आज कोण उचलणार?"

पहिल्याच रिंगला उचलला. पुरुषाचा आवाज, तुपासारखा. "नमस्कार अम्मा, हेळी, सांगा, काय मदत करू?"

 हिने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे भुवया उडवल्या. दसऱ्याच्या दिवशी, पहिल्या रिंगला, वर नमस्कार. सरकारी माणूस नक्कीच नव्हे.

"दाखला पाहिजे होता, मगा," ती त्याला म्हणाली. मगा म्हणजे बाळा. "मी म्हातारी, मला सावकाश सांग."

तो सावकाश सांगू लागला. तेवढ्यात फोनात धम्म झालं. आणि एक श्वास घ्यावा इतक्या वेळाने आमच्या खिडकीतून धम्म आलं, दबकं.

सवारीला राजवाड्यापाशी तोफांची सलामी असते. मैसूरच्या माणसाला तो आवाज पोटात कळतो. पुन्हा फोनात धम्म, मग खिडकीत धम्म. पुन्हा तसंच. मुलगी घास हातात घेऊन तशीच बसली. उत्तरेतली टोळी कसली! हा गडी मैसूरमध्येच होता, आणि आमच्यापेक्षा तोफेच्या पुष्कळ जवळ होता. आवाज आधी त्याच्याकडे पोचत होता आणि तिथून फोनाने आमच्याकडे.

मी हिला खूण केली, बोलत राहा. ते मी तिला नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. तिने मनावर घेतलं. नाव काय, वय काय, नवऱ्याचं नाव काय, यावर तिने जी पारायणं लावली! "नवरा काय करतो, अम्मा?" "काही नाही रे, बसून असतो."

मी वायरलेसवर गेलो. राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत, अग्रहाराच्या बाजूला, बीटची, म्हणजे गस्तीवरची, पोरं उभी होती. मी एवढंच विचारलं, "आज कुठल्या दुकानाचं शटर अर्धं वर आहे?" कारण त्या दिवशी त्या भागात दुकान उघडं ठेवत नाही कोणी. सगळं शहर हत्ती बघायला, गच्च्या भरलेल्या. त्या वेळी जो माणूस आत दिवा लावून बसतो, त्याला हत्तीपेक्षा मोठं काम असतं.

बीटवाल्याचं उत्तर लगेच आलं. ऑनलाइन अर्ज भरून देणारं एक लहान दुकान, शटर गुडघ्याएवढं वर, आत उजेड. तो वाकून आत गेला तेव्हा दुकानदार कानाला फोन लावून म्हणत होता, "अम्मा, घाबरू नका, मी आहे." तेच वाक्य आम्ही टेबलावरच्या फोनात ऐकलं. मग शिपायाचा आवाज आला, "मी पण आहे." आमच्या हिने फोन बंद केला आणि मुलीला म्हणाली, "आता खा."

त्याच्या दुकानाचा पंचनामा झाला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. कॉम्प्युटर आणि मोबाइल जप्त केले. संध्याकाळी साहेब बंदोबस्तावरून धुळीने माखून आले, सगळं ऐकलं आणि खुर्चीत बसून इतके हसले की टोपी पडली.

आरोपीची चौकशी मीच केली. हात लावायची गरज पडली नाही. कॉफी दिली आणि विचारलं, "हे सुचलं कसं?"

"सर, मी आधी सरळ धंदा करत होतो. लोकांचे अर्ज खऱ्या साइटवर भरून द्यायचो. ती बंद पडायची आणि शिव्या मला. कुठे अडतं, लोक कुठे रडतात, सगळं मला पाठ. एक दिवस चिडून मी तशीच साइट बनवली. उघडणारी."

"आणि खोटे दाखले?"

"लोक मागायला लागले, सर. चटक लागली." मान खाली घातली. "पण साइट चांगली होती की नाही?"

"चांगली होती. म्हणूनच आत जाशील. दसऱ्याला फोन कशाला उचललास?"

तो खरंच विचारात पडला. "लोकांना सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळतो ना, सर."

मुलगी साक्षीदार झाली. पण खरा दाखला अजून हवाच होता, आणि कॉलेज थांबायला तयार नव्हतं. मी तिला आणि वडिलांना घेऊन खात्यात गेलो. ही पण आलीच, न विचारता. तिथले अधिकारी म्हणाले, "अर्ज ऑनलाइनच घेतो. साइट चालते. लोकांना वापरता येत नाही."

"मग तुम्ही वापरा," मी म्हणालो. "तुमच्या कॉम्प्युटरवर, आम्ही बघतो."

माझं बोलणं पहिल्यापासून असंच. अधिकारी बसले. पान उघडेना. उघडलं तर चौकोन. खाली दिलेला फोन नंबर आमच्या हिने त्यांच्यासमोर लावला, नंबर अस्तित्वात नाही. अधिकाऱ्यांनी घाम पुसला. ही त्यांना अगदी मायेने म्हणाली, "तुमची काही चूक नाही, मगा. तुम्ही तुमच्या ऑफिसला कधी बाहेरून आलाच नाहीत."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. मुलीचा अर्ज कागदावर घेतला आणि दाखला हातात दिला. वडिलांनी तो शर्टाच्या आत, छातीशी ठेवला. पुढे त्या खात्याने साइट नवी करायला घेतली आणि पोलिसांचं मत मागवलं. साहेबांनी मला पाठवलं. मी मीटिंगमध्ये सांगितलं, जप्त केलेली साइट बघा आणि तशी करा, फक्त दाखले खरे द्या. कोणी हसलं नाही, पण बरंचसं तसंच केलं.

तेव्हापासून हिची परीक्षा सुरू झाली. दुपारी जेवण झालं की एक साइट. उघडते का, वाचता येते का, आत कोण बसतो ते सांगतात का, नाही म्हणताना कारण देतात का. आणि शेवटी फोन. फोनाला तिच्याकडे सगळ्यात जास्त मार्क. मी चिडवायचो, "लवकर उचलला तर बनावट, नाही उचलला तर नापास. मग पास कोण?" ती म्हणायची, "थोडा उशीर करून उचलेल तो."

या केसने मला एक शिकवलं. मी सगळी नोकरी दाराच्या आत उभा राहून केली आणि दार किती जड आहे ते मला कधी कळलं नाही. खऱ्याचं दार उघडलं नाही की माणूस जे उघडेल तिथे शिरतो, आणि नंतर आपण त्यालाच पकडतो. ती मुलगी आज नर्स आहे. दसऱ्याला फोन करते. हिच्याशीच बोलायची. यंदा माझ्याशी बोलली.

अवरे सोलून झाल्यावर हिने त्यांचं सारू, म्हणजे आमटी, केलं, आम्ही जेवलो, झोपलो. पहाटे ही गेली, झोपेतच. मी हाक मारली तेव्हा हात अजून गरम होता.

सकाळी घर भरलं. बायका आत, पुरुष बाहेर, कोण फुलं आणतंय, कोण खुर्च्या. मला कोणी काही करू देईना. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं, ऑफिसं उघडायची वेळ झाली होती. हिचा मोबाइल उशाशीच होता. तो घेऊन मी मागच्या अंगणात गेलो, तिने आदल्या दिवशी लावलेला शेवटचा नंबर काढला आणि लावला. रिंग जात राहिली. ठेवणार इतक्यात एका बाईने उचलला. "हेळी, काय काम होतं?"

"काम काही नाही," मी म्हणालो. "उचलता का, तेवढंच बघायचं होतं."

आत आलो. बायकांनी जागा करून दिली. मी हिच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं, "पहिल्या रिंगला नाही, पण उचलला. पास कर."