दुसरा लॅपटॉप

भावाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि आमच्या घरात लॅपटॉप हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. कॉलेज संभाजीनगरला होतं. वर्ग सुरू व्हायच्या आत मुलांनी स्वतःचा लॅपटॉप घ्यावा, असा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला होता. तो त्यानं आधी अण्णांना, म्हणजे वडिलांना, मोठ्यानं वाचून दाखवला. मग मायला. मग मी जेवत होते तिथं येऊन मलाही दाखवला, जसं काही मी बहिरीच होते.

मी त्याच्याहून मोठी. भोकरदनच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज, आणि दुपारी बसस्टँडजवळच्या एका क्लासमध्ये पोरापोरींना टायपिंग शिकवायचं. बॅच सुटली, लाइट असली आणि एखादा कॉम्प्युटर रिकामा असला, तर क्लासचे सर मला अकाउंटिंगचा सराव करू द्यायचे. या तीन गोष्टी एकदम जुळल्या असं फार कमी वेळा व्हायचं. खत-बियाण्यांच्या दुकानदारांना जीएसटीच्या कामासाठी जालन्याला चकरा माराव्या लागत. ते काम आपण इथंच बसून करायचं, असं माझ्या मनात पक्कं होतं. त्याला स्वतःचा कॉम्प्युटर लागतो, हे घरात कुणाला सुचलं नव्हतं आणि मीही तोंड उघडलं नव्हतं. दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे येणार होते, ते मात्र सगळ्यांच्या ध्यानात होतं.

"जालन्याला जाऊन घेऊ," अण्णा म्हणाले. "ताईला संगं नेऊ. तिला त्यातलं कळतंय."

भावाला हे आवडलं नाही. त्याचं आधीच ठरलं होतं. बसमध्ये राजूर येईपर्यंत तो मला मोबाइलवर एकच फोटो दाखवत राहिला. चंदेरी रंगाचा, वहीसारखा पातळ, नवाकोरा लॅपटॉप.

"भारी हाय का न्हाई?"

"बघू दुकानात," मी म्हणाले.

मी खिडकीकडं तोंड केलं. बाहेर कपाशी होती, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मनातल्या मनात मी एक वाक्य घोकत होते. ते कधी बोलायचं, कुणापुढं बोलायचं आणि अण्णा रागावले तर काय करायचं, हेच चाललं होतं.

नव्या मालाचं दुकान गांधी चमनच्या पुढं होतं. काचेचं दार, आत थंडगार. अण्णांनी चपला बाहेर काढल्या, तशी तिथल्या पोरानं त्यांना त्या परत घालायला लावल्या. भावाचा लॅपटॉप समोरच मांडलेला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी असा उचलला की मला क्षणभर त्याची दया आली.

मी विचारलं, "रॅम किती?"

"चार जीबी, मॅडम."

"पुढं वाढवता येईल?"

"न्हाई. बोर्डवरच बसवलेली असती."

"आणि स्टोरेज?"

त्यानं आकडा सांगितला. माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये त्याच्या दुप्पट जागा होती. प्रोसेसरही अगदी हलका होता. चित्र बघायला, टायपिंग करायला ठीक. भावाला मात्र चार वर्षं त्यावर प्रोग्रॅमिंग करायचं होतं, मोठमोठी सॉफ्टवेअर चालवायची होती.

अण्णांनी मला विचारलं, "चालंल का हे?"

भाऊ माझ्याकडं बघत होता. दुकानातला पोरगाही बघत होता. मी जे बोलेन ते अण्णा ऐकणार होते, हे आम्हा दोघा भावंडांना माहीत होतं. जे खरं होतं तेच मी सांगणार होते, पण त्यात माझाही मतलब होता आणि तो माझा मलाच ठाऊक होता.

"चार वर्षं पुरायचा न्हाई, अण्णा," मी म्हणाले. "वर्षभरात अडकायला लागंल."

भावानं लॅपटॉप खाली ठेवला आणि तो बाहेर गेला.

रस्त्याच्या पलीकडं रसाची गाडी होती. आम्ही तिथं उभे राहिलो. भावानं रस घेतला नाही.

"नवा नको तर मंग काय घ्यायचं?" तो म्हणाला.

"कंपन्यांतून निघालेले जुने मिळतेत. मजबूत असतेत. ह्याच्याहून दुप्पट चालतेत."

"सेकंडहँड?" तो एवढ्या जोरात म्हणाला की गाडीवाल्यानं मान वर केली. "समदे पोरं नवे घेऊन येतेन आन् मी कुणाचं तरी वापरलेलं घेऊन जाऊ? तू मुद्दाम करून राह्यली, ताई. तुला मिळून न्हाई राह्यला म्हणून."

अण्णांनी ग्लास गाडीवर आपटला. "बस," ते म्हणाले. "तिला बोलू नको. दोन्ही बघू अन् मंग ठरवू."

जुन्या लॅपटॉपचं दुकान सराफ्याच्या बाजूला एका गल्लीत, अरुंद जिन्यावरून वर गेल्यावर होतं. मला त्याचा पत्ता क्लासच्या सरांनी दिला होता. एका खोलीत चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर लॅपटॉप, दप्तरासारखे उभे लावलेले. दुकानदार म्हातारे होते. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणाले.

"देख लो बेटा, तसल्लीसे देख लो," म्हणत त्यांनी एक काळा लॅपटॉप पुढं सरकवला.

मी जमिनीवर मांडी घालून बसले. एक-एक बटण दाबून पाहिलं. व्हिडिओ लावून स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितली. कॅमेरा, आवाज, वायरी लावायची सगळी भोकं तपासली. मग चार्जर काढून टाकला आणि बॅटरी किती भरभर उतरते ते बघत बसले. अण्णा माझ्या मागं उभे होते. भाऊ दारात पाठ करून उभा. रॅम त्या नव्याच्या दुप्पट होती, आणि आणखी वाढवायला मोकळी जागा होती. लॅपटॉप तापला नाही, अडला नाही.

चाचांनी किंमत सांगितली, नव्याच्या निम्मीच. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली का, असं त्यांना वाटलं असावं.

घोकलेलं वाक्य आठवायला गेले तर त्यातला एकही शब्द सापडेना. मी चाचांनाच विचारलं, "चाचा, दोन घेतले तर कमी करसाल का?"

भावानं वळून पाहिलं.

"दोन कशाला?" अण्णा म्हणाले.

"एक त्याला. एक मला." माझा आवाज मलाच परका वाटला. "जेवढ्यात नवा एक येत होता, तेवढ्यात हे दोन येतेत."

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. मग "तुझ्या मायला फोन लावतो," एवढंच म्हणून जिना उतरून गेले.

चाचांनी समजून उमजून तेवढ्यात वर आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं तोंड फिरवलं. भाऊ माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"ठरवून आल्तीस ना?"

"हो."

"मंग आधीच काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मला आणलं असतं का?"

तो त्या काळ्या लॅपटॉपच्या बटणांवरून बोट फिरवत म्हणाला, "तू तर घरीच राहती. क्लासात हाय की कॉम्प्युटर."

"क्लासातला माझा न्हाई."

खालून मोटारसायकलींचे हॉर्न येत होते. अण्णांचा आवाज ऐकू येतो का म्हणून मी कान लावला होता. येत नव्हता. ते नाही म्हणाले तर परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं शेजारी-शेजारी कसे बसणार, हे मला समजत नव्हतं. आणि नाही म्हणाल्यावर हे वाक्य आयुष्यात पुन्हा बोलता येणार नाही, हे मात्र नीट समजत होतं.

अण्णा वर आले. ते बसले नाहीत.

"दिवाळीनंतर पाहुणे येऊन राह्यले," ते म्हणाले. "उद्या तुझं लग्न झालं. मंग ह्याचं काय करशील?"

"संगं नेईन."

"त्यांना न्हाई आवडलं तर?"

"आवडंल असंच घर बघा."

मी अण्णांना असं कधी उत्तर दिलं नव्हतं. भावाचा चेहरा उतरला.

"तुझी माय म्हणती," अण्णा म्हणाले, "दोघंबी शिकून राह्यलेत, मंग वस्तू एकालाच काहून." आणि चाचांकडं वळून म्हणाले, "दुसरा काढा. पण बराबर बघून द्या."

चाचांनी तसलाच दुसरा काळा लॅपटॉप दिला. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरायला गेले, तर पासवर्डची चौकट उघडली. तो कुठल्यातरी कंपनीनं घातलेला होता. चाचांनाही तो माहीत नव्हता.

"विंडोज चल रहा है ना, बेटा? कुछ नहीं होता."

"आज चालतंय. उद्या विंडोज उडालं की नवं कसं टाकू? मला हा नको, चाचा."

"वैसा दूसरा नहीं है फिर."

अण्णांनी घड्याळ बघितलं. भोकरदनची बस निघायला फार वेळ नव्हता. "मंग राहू दे," ते म्हणाले. "आज एकच नेऊ. दुसरा पुढं कधी बघू."

पुढं कधी म्हणजे कधीच नाही. मला रडायला येईल असं वाटलं आणि तिथं रडायचं नव्हतं. मी उठून फळ्या बघायला लागले. सगळ्यात खालच्या फळीवर एक जाडजूड लॅपटॉप पडला होता. झाकणावर ओरखडे, कोपरा उडालेला. उघडला तर प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं होती.

"वो दुबई का माल है," चाचा म्हणाले. "चलता अच्छा है. बटन देखके कोई लेता नहीं."

मी तिथंच उभ्यानं तो सुरू केला. हात घाई करत होते. पासवर्ड नव्हता. स्क्रीन स्वच्छ होती. बटणं कडक होती, पण सगळी चालत होती. टायपिंग मी न बघताच करायचे, अक्षरं कुठली का असेनात. कॅमेरा चालत नव्हता, तो मला नकोच होता.

"मला हा चालंल," मी म्हणाले. "पहिला काळा त्याला द्या."

अण्णांनी पैसे दिले. बसस्टँडपर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. बसमध्ये एकच जागा मिळाली, ती अण्णांना दिली आणि दोन्ही लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी त्यांवर दोन्ही हात ठेवले होते. भाऊ माझ्या शेजारी दांडी धरून उभा होता. घर येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. चार-पाच दिवसांनी कॉलेजला गेला, तेव्हा निघताना मायच्या पाया पडला आणि माझ्याकडं न बघता पुढं गेला. त्यानंतर त्याचे फोन यायचे ते मायला.

पाहुणे दिवाळीनंतर आले. जुळलं नाही. लॅपटॉपचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण काही दिवस मला प्रत्येकाच्या नजरेत लॅपटॉपचाच दोष दिसायचा. मी मात्र त्यावर काम सुरू केलं होतं. एका खतवाल्यानं विश्वास टाकला, मग त्याच्या मेहुण्यानं.

माझा बी.कॉम.चा प्रोजेक्ट ऑनलाइन टाकायचा शेवटचा दिवस होता, तेव्हा भाऊ सुट्टीवर घरी आला होता. सकाळपासून कॉलेजची साइट उघडत नव्हती. दुपारी उघडली तर गावातली लाइट गेली. घरात नेटवर्क धड नाही, म्हणून लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन मी स्लॅबवर गेले. फाइल अर्ध्यापर्यंत जायची आणि साइट बाहेर फेकायची. पुन्हा पहिल्यापासून. पाच वाजता सगळं बंद होणार होतं. चार वाजून गेले, तरी फाइल जाईना.

भाऊ जिन्यात येऊन उभा राहिला. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"फाइल केवढी हाय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"लय मोठी हाय. फोटो तसेच टाकलेत काय? आण इकडं."

आमचं कित्येक महिन्यांतलं पहिलं बोलणं हेच. त्यानं खाली जाऊन आपला लॅपटॉप आणला, पेन ड्राइव्हनं फाइल त्यात घेतली आणि फोटो लहान करायला बसला. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. भरभर चालत होती. "हे पान ठेवायचं का?" त्यानं मध्येच विचारलं. "तीन रकाने बराबर बसून न्हाई राह्यले." मी सांगत गेले, तो करत गेला. मग आपल्या मोबाइलचं नेट त्यानं लॅपटॉपला जोडलं, रेंज मिळावी म्हणून मोबाइल पाण्याच्या टाकीच्या वर हातानं धरला आणि तसाच उभा राहिला, हलायचं नाव नाही.

हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर आली, थांबली. पट्टी पुन्हा सरकली आणि शेवटपर्यंत गेली. स्क्रीनवर "प्राप्त" असा शब्द आला. मी तो दोनदा वाचला.

"झालं का?" त्यानं टाकीजवळूनच विचारलं.

"झालं."

"मंग मोबाइल खाली घेऊ ना? हात भरून आलाय."

मी हो म्हणाले. तो टाकीजवळून आला, माझ्या शेजारी स्लॅबवर बसला, आणि कॉलेजच्या साइटवर अजून काय-काय भरायचं राहिलंय ते एकेक करून मला विचारायला लागला.